पिझ्झा सगळ्यांनीच खाल्ला होता

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच मोठं काम केलं, आणि त्यासाठी त्याने आमच्या मुलीची घसरगाडी कापली.

बर्फावरून घसरायची लाल प्लास्टिकची गाडी. ट्रिना लहान असताना घेतलेली. ट्रिना मोठी होऊन मिनिआपोलिसला गेली, गाडी गॅरेजात खिळ्याला लटकत राहिली. एका रविवारी मी चर्चमधून घरी आले तर हा गृहस्थ गॅरेजात गुडघे टेकून तिच्या कडेची लांबलचक पट्टी कापत बसलेला.

"लाइल, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी म्हटलं. "उद्या नातवंडं झाली तर कशावर बसतील?"

"उरलेल्या भागावर," तो म्हणाला. मान वर न करता.

त्याआधी आठवडाभर तो माझ्या जेवणाच्या टेबलावर जॅमच्या बरण्या सरकवत होता. आमच्या गावच्या, एल्म फॉल्सच्या काकडी कारखान्यात लाइल देखभालीचं काम करायचा. काकड्या खाऱ्या पाण्यात घालून भरलेल्या बरण्या पट्ट्यावरून पुढे जायच्या, आणि पट्टा जिथे वळायचा तिथे धडाधड आडव्या व्हायच्या. मग काचा, पाणी, काकड्या, पट्टा बंद, आणि फोरमनच्या शिव्या. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. सगळ्यांचं म्हणणं, पट्टा जोरात पळतो. लाइलचं म्हणणं, पट्ट्याला काही झालेलं नाही, बाजूचा कठडा चुकीचा आहे. ओली बरणी त्या लोखंडाला अडकते आणि कलंडते. टेबलाच्या कोपऱ्यावर माझी चेरी जॅमची बरणी फिरवत त्याने मला दाखवलं होतं, "हे बघ मार्लिस, वळणावर आल्यावर धरलं तर उशीर होतो. वळणाच्या हातभर आधीच हलकेच धरायचं. पोटाशी. मग ती आपणहून वळते." मी म्हटलं, वळू दे, पण ती फुटली तर पुढची बरणी तू करायचीस.

फुटली नाही. कारखान्यातल्याही फुटायच्या थांबल्या. घसरगाडीची लाल पट्टी त्या कठड्यावर काही महिने राहिली, मग कंपनीने तिच्या जागी विकतची पांढरी पट्टी तशीच वाकवून बसवली. लाल पट्टी कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

आणि हे काम कुणाच्या नावावर लागलं? कुणाच्याच नाही. त्या कारखान्यातली रीतच तशी होती. सूचनापेटीत चिठ्ठी टाकायची तर खाली नाव लिहायचं नाही, फक्त पाळी लिहायची. फार पूर्वी लेबलं चिकटवणाऱ्या एका माणसाने काम सोपं करायची युक्ती सुचवली, खाली ऐटीत सही केली. कंपनीने त्याला एक जाकीट दिलं आणि लेबलांच्या टेबलावरच्या दोन बायकांना घरी पाठवलं. त्या बायका याच गावातल्या. तो माणूस जाकीट घालून दुकानात गेला तर लोक तोंड फिरवायचे. शेवटी गाव सोडून गेला बिचारा. तेव्हापासून युनियनने ठरवलं, डोकं कुणाचंही चालो, चिठ्ठीवर "दुसरी पाळी" एवढंच. आमचे लाइलसाहेब युनियनचे प्रतिनिधी. ही रीत पाळायची आणि पाळून घ्यायची, हे त्यांचंच काम.

म्हणून बरण्या पडायच्या थांबल्या तेव्हा कंपनीने दुसऱ्या पाळीला पिझ्झा खिलवला. अख्ख्या पाळीला. लाइल घरी आला तो शर्टावर सॉसचा डाग घेऊन, खुशीत.

"पिझ्झा?" मी म्हटलं. "माझ्या पोरीची गाडी गेली, आणि पिझ्झा?"

"पेपरोनी होता," तो म्हणाला.

तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कारखाना बंद झाला. कुणीतरी विकत घेतला, यंत्रं उचलून दक्षिणेकडे नेली, आणि इथे रिकामी भिंत आणि खाऱ्या पाण्याचा वास ठेवला. तो वास अजून जात नाही. मी शाळेच्या भटारखान्यात कामाला आहे, त्यामुळे आम्ही उपाशी मरणार नव्हतो. पण सत्तावन्न वर्षांच्या माणसाला सकाळी उठून जायला जागा नाही म्हणजे काय, ते मी घरात बघत होते. लाइलने आधी घरातली प्रत्येक गळकी तोटी दुरुस्त केली. मग न गळणाऱ्याही उघडून बघितल्या. मग शेजाऱ्यांच्या.

जूनमध्ये पलीकडच्या गावातल्या बटाटा कारखान्यात एक जागा निघणार असं कळलं. गोठवलेले बटाटे पाठवतात ते. पट्ट्यांच्या देखभालीचा प्रमुख. अख्ख्या जिल्ह्यात यंत्रांशी संबंध असलेली तेवढी एकच जागा. ती नाही तर मग हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या सामानाच्या ढकलगाड्या गोळा करायच्या, बाहेर, थंडीवाऱ्यात. लाइलने ती जाहिरात कापून फ्रिजवर लावली. हा माणूस फ्रिजवर कधी काही लावत नाही. त्यावरून मला कळलं, याला ती किती हवी आहे.

सरकारने बेकार झालेल्यांसाठी चपलांच्या बंद पडलेल्या दुकानात मदत केंद्र उघडलं होतं. तिथे केल्सी नावाची मुलगी रेझ्युमे लिहायला शिकवायची. ट्रिनाहून लहान, दात पांढरेशुभ्र, उत्साह उतू जाणारा. लाइल एकटा जाईना, म्हणून मी बरोबर गेले. त्याने लिहून आणलेला कागद तिने वाचला. त्यावर एवढंच होतं: काकडी कारखाना. देखभाल. आता बंद.

"मिस्टर टॉलेफसन," केल्सी म्हणाली, "मालक एका रेझ्युमेवर किती वेळ नजर टाकतो माहितीये? शिंक यायला लागतो तेवढा. तेवढ्यात त्याला काहीतरी दिसलं पाहिजे. तुम्ही केलेली एक गोष्ट. तुमची. बाकीच्यांपेक्षा वेगळी."

"मी माझं काम केलं," लाइल म्हणाला.

"ते सगळेच करतात."

"होय, तिकडे सगळेच करायचे."

मला राहवेना. "बरण्यांचं सांग," मी म्हटलं. तो छताकडे बघायला लागला. मग मीच सांगितलं: बरण्या, वळण, टेबल, घसरगाडी, सगळं. लाइलचे कान लाल झाले. केल्सी टिपून घेत होती, तिचे डोळे चमकायला लागले.

"पण ते दुसऱ्या पाळीचं काम आहे," लाइल म्हणाला.

"नोकरी मागायला दुसरी पाळी आलेली नाही, मिस्टर टॉलेफसन. तुम्ही आलाय."

ते काही खरं नव्हतं. दुसरी पाळी मागच्या बाकांवरच बसली होती, कॉफी पीत, आपापल्या पाळीची वाट बघत. पण मला तेव्हा ती पोरगी फार आवडली. मी इतकी वर्षं जे सांगून थकले ते तिने एका वाक्यात सांगितलं. तिने लाइलसाठी दणकेबाज ओळ तयार केली: पट्ट्याच्या वळणाची नवी रचना करून बरण्या पडणं जवळजवळ पूर्ण थांबवलं, त्यामुळे उत्पादन बंद पडायचं टळलं. कागदाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत. लाइलने ते वाचलं आणि दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून उघडलं असावं तसा चेहरा केला.

"खोटं आहे का यात काही?" मी विचारलं.

"खोटं नाही," तो म्हणाला. "पण माझ्याच्याने असं बोलवणार नाही."

"बोलू नकोस. कागद बोलेल."

पुढच्या आठवड्यात तो वर्गावरून आला आणि जेवताना म्हणाला, "केल्सीने आज माझा रेझ्युमे भिंतीवर दाखवला. मोठ्ठा करून. म्हणाली, असा लिहा."

माझा काटा हातातच राहिला. "सगळ्यांसमोर?"

"नाव खोडलं होतं की."

"मग तर छानच झालं! तुझं काम ठेवलं आणि नाव खोडलं. कारखान्यात होतं तसंच."

"मार्लिस, त्या पोरीचा हेतू चांगला होता."

हेतू सगळ्यांचेच चांगले असतात.

त्याच शनिवारी रँडी कुबियाक आला. रँडी लाइलच्या पाळीत पट्ट्यावर होता, आमच्या दोन घरं पलीकडे राहतो. वीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात त्याचा स्वतःचा कप आहे, हरणाचं चित्र असलेला. सिंकच्या वरच्या आकड्याला आमच्या कपांशेजारी टांगलेला. दार वाजवत नाही, येतो, कप काढतो, कॉफी ओततो. त्याची बायको गेली तेव्हा दोन महिने तो आमच्याकडेच जेवत होता. वाईट माणूस नाही रँडी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

"काय लिहू रे मी?" तो आपला कागद लाइलपुढे टाकून म्हणाला. "शाळा अर्धवट, मग काकड्या. केल्सी म्हणते, उठून दिसलं पाहिजे. माझं पोट तेवढं उठून दिसतं."

लाइल हसला. रँडीने कॉफीचा घोट घेतला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "ते बरण्यांचं वाक्य... मी टाकलं तर चालेल? म्हणजे पाळीचंच होतं ना ते तसं."

मी ओट्याशी होते. हातातला टॉवेल पिळायला लागले. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस तोंड उघडेल.

"टाक की," लाइल म्हणाला. "तूही होतास ना तिथे."

रँडी गेल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दिलंस? असं देऊन टाकलंस?"

"त्याचंही होतं ते."

"त्याने काय केलं त्यात? पिझ्झा खाल्ला!"

"पिझ्झा सगळ्यांनीच खाल्ला होता, मार्लिस."

"बरोबर! सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला आणि गाडी माझ्या पोरीची कापली गेली!"

तो उठला आणि गॅरेजात जाऊन बसला. लाइलशी भांडणं म्हणजे बंद दुकानाचं दार ठोठावणं. हात दुखतो, आतून कुणी येत नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी त्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि म्हटलं, "गाडी घेऊन जा."

"कोणती गाडी?"

"घसरगाडी. त्यांच्या टेबलावर ठेव. कापलेली कड दाखव. सगळं आपोआप कळेल."

"मुलाखतीला घसरगाडी घेऊन जाऊ?" लाइल म्हणाला. "आणि डोक्यावर लोकरीची टोपी घालू, गोंड्याची?"

चिडलेली असूनही मला हसू आलं. तो गेला. मी शाळेत जाऊन मुलांना मॅकरोनी वाढली, पण मन तिकडेच. घरी आले तर ट्रक दारात, आणि लाइल पायरीवर बसलेला, टाय खिशात कोंबलेला.

बटाटा कारखान्यातल्या मिसेस हॅन्ली म्हणून कुणी बाई होत्या. त्यांनी लाइलला बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्यासमोर टेबलावर कागदांचा गठ्ठा पत्त्यांसारखा पसरला. प्रत्येक कागदाच्या वरच्या टोकाला तेच वाक्य. पट्ट्याच्या वळणाची नवी रचना करून. कुणी ठळक अक्षरांत लिहिलेलं, कुणी तिरप्या, एकाने अधोरेखित केलेलं. मधल्या काळात अख्ख्या दुसऱ्या पाळीने ते वाक्य उचललं होतं. रँडीला दिलं तर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? काहींनी तर विचारलंही नव्हतं. पाळीचंच होतं ना ते.

"मिस्टर टॉलेफसन," हॅन्लीबाई म्हणाल्या, "एक बरणी उभी ठेवायला तुमच्याकडे इतकी माणसं लागत होती का?"

लाइल एकेक कागद बघत राहिला.

"तुम्ही जुने आहात. तुम्हाला ठाऊक असणार. यातलं खरं कुणाचं?"

आता बघा. समोरून सरळ विचारलं. दार उघडून धरलं, नुसतं आत पाऊल टाकायचं.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणालास?"

"म्हटलं, दुसऱ्या पाळीचं."

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसले. "का?" एवढंच तोंडातून निघालं.

"माझं म्हटलं असतं तर ती बाकीची सगळी खोटारडी ठरली असती," लाइल म्हणाला. "एकेकाचा कागद माझ्या डोळ्यांदेखत केराच्या टोपलीत गेला असता. त्या बाईंच्या हातात पेन होतं, मार्लिस. रँडीचा कागद सगळ्यात वर होता."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. आत जाऊन बटाटे सोलायला घेतले, मग आठवलं कुणाचे बटाटे ते, आणि तसेच टाकून दिले.

नकाराचं पत्र आठवड्यात आलं. तुमच्या अनुभवाने आम्ही प्रभावित झालो, वगैरे.

जुलैमधल्या एका शुक्रवारी पुलाजवळच्या बारमध्ये आम्ही नेहमीसारखे तळलेले मासे खायला गेलो. रँडी आधीच तिथे. आम्हाला बघून उठला, चेहरा लालेलाल, आणि सगळ्या टेबलांना त्याच्याकडून ब्रँडी. तेव्हाच मला कळलं. पुढे कुणी सांगायची गरजच नव्हती.

"लागली!" रँडी म्हणाला आणि लाइलच्या पाठीवर थाप मारली. "देखभाल प्रमुख! मी! आईशप्पथ, माझाच विश्वास बसत नाही."

"अभिनंदन," लाइल म्हणाला. मनापासून म्हणाला. मला त्याचंच जास्त लागलं.

"त्या बाईंनी सगळे कागद पसरले," रँडी सांगायला लागला, "आणि विचारलं, खरं कुणाचं? मी बघितलं, ही तर गोची आहे. म्हटलं, माझं. बाकीचे मदतीला होते."

पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या पाळीतले तिघे होते, त्यांनी ताटात डोळे घातले.

"असं म्हणालास तू?" मी विचारलं.

"अगं, कुणीतरी म्हणायलाच हवं होतं ना! नाहीतर सगळ्यांचेच कागद गेले असते. आणि लाइल तर काही म्हणणार नव्हता." तो लाइलकडे वळला. "म्हणणार होतास का रे? तुझ्या मनात असतं तर मी तोंड उघडलं नसतं. देवाशप्पथ."

लाइलने पेला उचलला. "नाही," तो म्हणाला. "मी नव्हतो म्हणणार."

रँडीचं समाधान झालं. माझ्या घशात माशाचा काटा अडकल्यासारखं झालं, आणि त्या माशात काटे नव्हते.

केल्सीला तर आकाश ठेंगणं झालं. केंद्राच्या भिंतीवर तिने रँडीचा फोटो लावला आणि शेजारी त्याचा रेझ्युमे. या वेळी नाव खोडलं नाही. मी एकदा तिच्याकडे गेले, म्हटलं, पोरी, हे वाक्य कुणाचं आहे तुला ठाऊक आहे ना? ती गोरीमोरी झाली. म्हणाली, "मिसेस टॉलेफसन, मी त्यांना किती सांगितलं होतं, स्वतःचं म्हणा. तुमच्यासमोर सांगितलं होतं." सांगितलं होतं, खरंच. तिच्यावर तरी कशी ओरडणार.

लाइल मोठ्या दुकानात लागला. वाहनतळावर लोक सामानाच्या गाड्या कुठेही सोडून जातात, त्या गोळा करून लांब रांग करायची आणि ढकलत दारापर्यंत न्यायची. ऑक्टोबरपासून थंडीने बोटं फुटायला लागली. पिवळं जाकीट दिलं त्याला. चकचकीत, पाठीवर दुकानाचं नाव. पहिल्या दिवशी ते घालून तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, "बघ, शेवटी मलाही जाकीट मिळालं." तो विनोद होता. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

रँडीचं येणं कमी झालं होतं. नवी नोकरी, वेळ नसतो. आला तरी दारात उभं राहून बोलायचा. लाइल कधी वाकडं बोलला नाही, उलट मी बोलले की मला गप्प करायचा. "त्याला नोकरीची गरज होती," म्हणायचा. जणू काही आम्हाला नव्हती. एकदा रँडी नवा ट्रक घेऊन गेला दुकानात, आणि त्याने सोडलेली सामानाची गाडी लाइलने ढकलली. रँडीने त्याला बघितलं आणि हात केला. लाइलनेही केला. हे मला लाइलने नाही सांगितलं, दुसऱ्या पाळीतल्या एकाच्या बायकोने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज खाली गेला. कागदावर ते वाक्य तिच्या नवऱ्यानेही टाकलं होतं.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी दुपारी रँडी आला. बाहेर पहिला बर्फ पडून गेलेला, टीव्हीवर मॅच लागलेली. या वेळी तो थेट आत आला, आकड्यावरचा आपला कप काढला, कॉफी ओतली आणि लाइलसमोर बसला. हातात चीजची पिशवी आणली होती, ताज्या दुधाचं, दातांखाली करकरणारं. ती टेबलावर ठेवली. मी मनात म्हटलं, काहीतरी हवंय याला.

"बरण्यांचं काय केलं होतंस रे तू?" रँडी म्हणाला.

तू. त्या टेबलावर पहिल्यांदाच तो हे म्हणत होता. बाहेरचं कुणी ऐकत नव्हतं तेव्हा.

"का?" लाइलने विचारलं.

"आमच्याकडे पिशव्यांचे ट्रे वळणावर अडकतात. आडवे होतात. पट्टा रोज बंद. हॅन्लीबाई माझा तो कागद घेऊन बसल्यात, म्हणतात, मिस्टर कुबियाक, हेच तर तुम्ही तिकडे सोडवलं होतं, इथे सोडवा." त्याने कपाळावरून हात फिरवला. तो घामाने ओला झाला होता. "मी पांढरी पट्टी बसवली, तशीच दिसणारी. काही फरक नाही. उलट जास्त पडतात. त्या मला शुक्रवारपर्यंतची मुदत देऊन गेल्यात, लाइल."

खिशातून त्याने घडी घातलेला कोरा कागद काढला, वर पेन्सिल ठेवली आणि दोन्ही लाइलकडे सरकवलं. "नुसतं काढून दे. तुला काय, दोन रेघांचं काम."

मला ठाऊक होतं उत्तर. मी त्याच टेबलाशी शिकले होते. वळणावर आल्यावर धरायचं नाही, हातभर आधीच धरायचं, पोटाशी. रँडीने पट्टी नक्की वळणावरच बसवली असणार. माझ्या जिभेवर होतं सगळं. मी ओट्याशी उभी राहिले आणि मूग गिळून गप्प बसले.

लाइलने पेन्सिल उचलली. फुटलेल्या बोटांत धरली, कागद सरळ केला. मला वाटलं, देतोय. हा माणूस आताही देतोय. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं, एक छोटी आडवी रेघ उमटली. टीव्हीवर लोक ओरडत होते. लाइल त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने पेन्सिल हळूच खाली ठेवली, कागदाला समांतर.

"दुसऱ्या पाळीला विचार," तो म्हणाला.

रँडी हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. "अरे, सांग ना."

"पाळीचं काम होतं ते. सगळ्यांना माहीत असेल."

रँडीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसता त्यातला जीव गेला. त्याने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं कॉफी पाजणारी ही बाई निदान तोंड तरी उघडून काही म्हणेल, असं त्याला वाटलं असणार. मी भांड्यांकडे वळले.

"मला काढतील, लाइल," तो म्हणाला.

"दुकानात माणसं हवीत त्यांना," लाइल म्हणाला. "मी सांगून ठेवतो तुझं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. रँडी उठला, कागद घेतला, पेन्सिल घेतली, दारापाशी जरा थांबला. मग गेला. चीजची पिशवी टेबलावरच राहिली.

इतकी वर्षं मी या माणसाला टोचत होते. स्वतःचं म्हण. धरून ठेव. सगळ्यांना वाटत सुटू नकोस. युनियनच्या बैठकांवरून आला की टोचायची, पिझ्झा खाऊन आला तेव्हा टोचलं, केल्सीच्या टेबलावर टोचलं. त्या दिवशी त्याने धरून ठेवलं. जे त्याचं होतं ते पहिल्यांदा त्याने कुणाला दिलं नाही.

"आता बरं वाटलं तुला?" लाइलने विचारलं.

खोटं कशाला सांगू, वाटलं होतं. रँडी दाराबाहेर पडेपर्यंत अगदी छान वाटलं होतं.

लाइल उठला. रँडीचा कप सिंकमध्ये घेऊन गेला, साबण लावून आतूनबाहेरून नीट घासला, पुसून कोरडा केला. आकड्याला टांगला नाही. खुर्ची ओढून त्यावर चढला आणि कप सगळ्यात वरच्या फळीवर मागे सारून ठेवला, तिथे आम्ही न लागणारी भांडी ठेवतो.